कामकऱ्यांच्या म्हातारपणाची तजवीज

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शेतकरी व कामकरी मंडळींपुढें केलेलें भाषण)



भातशाचें व तानशाचें पाणी आपल्या शहापूर तालुक्यांतून मुंबईस जातें. ठाण्या-मुंबईकडील इमारतींची वीट आपल्याकडच्या भट्ट्यांवर भाजली जाते. भातकापणी उरकली, कीं आमचे कातकरी व ठाकूर बंधु मुलांबाळांसह भट्टीवर जातात. कोणी आसनगांवास गाडी धरून कंत्राटदाराच्या हाताखालीं वखारींत ओझीं उचलतो, तर मुरबाडकडील तरुण तेथल्या औद्योगिक वसाहतींत राबतो. हात चालतो तोंवर मालक ओळखतो. हात थांबला म्हणजे पुढें काय? म्हाताऱ्या कामकऱ्याच्या पोटाची सोय सरकारनें करावी कीं नाहीं? आमचें उत्तर, करावी. आणि ती दया म्हणून नव्हे, तर त्याच्या श्रमाचें राहिलेलें देणें म्हणून करावी.

ही मागणी नवी नाहीं. ठाण्यास १८४८ सालीं जन्मलेले सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ च्या सप्टेंबरांत परळास गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या व साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. त्यांतली रविवारच्या सुटीची मागणी सर्वांस ठाऊक आहे; ती १८९० सालीं पदरांत पडली. पण त्याच अर्जांत असेंही होतें, कीं कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा आणि जो जन्माचा अधू होईल त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. ज्याच्या कामांत माणूस झिजला, त्यानें त्यास वाऱ्यावर सोडूं नये, हाच त्याचा अर्थ. पुढें १८८९ सालीं जर्मनींत कायदा होऊन कामगार, मालक व सरकार अशा तिघांनीं म्हातारपणाच्या पेन्शनीस पैसा घालावयाचें ठरलें. इंग्लंडांत १९०८ सालीं गरीब वृद्धांस सरकारी तिजोरींतून पेन्शन देण्याचा कायदा झाला.

आतां आपलें पाहा. मार्च २०२३ मध्यें राज्यांतील सरकारी नोकरांनीं जुन्या पेन्शनीसाठीं संप केला. त्यांच्या ताटाकडे पाहून आमचें पोट दुखत नाहीं. आम्ही इतकेंच विचारतों, कीं लेखणी धरणाऱ्यास म्हातारपण येतें, मग डोक्यावर वीट वाहणारीस तें येत नाहीं काय?

कारखान्यांतील कामगारांसाठीं १९९५ ची पेन्शन-योजना आहे. २०१४ पासून तींत निदान १००० रुपये ठरले. पण मासिक पेन्शनीस दहा वर्षांची नोकरी लागते. कंत्राटदार बदलला, नवें खातें निघालें, मागचीं वर्षें जोडून घेतलीं नाहींत, कीं दहा वर्षें भरतच नाहींत.

असंघटित कामगारांसाठीं २०१९ सालीं श्रमयोगी मानधन योजना निघाली. १८ ते ४० वयाच्या माणसानें वयाप्रमाणें दरमहा ५५ ते २०० रुपये भरावे, सरकारनें तितकेच घालावे आणि साठीनंतर महिना ३००० मिळावे, अशी ती आहे. हेतु चांगला, पण भट्टीवाल्याचा हिशेब महिन्याचा नसतो. तो आधीं उचल घेतो, हंगामभर ती फेडतो आणि पावसाळ्यांत रिकामा बसतो. दरमहाचा हप्ता त्यानें कोठून आणावा? पंचेचाळिशींतल्या बाईस तर तें दारच बंद. शिवाय आज अठरा वर्षांचा पोरगा जे ३००० घेईल ते बेचाळीस वर्षांनीं. तेव्हां त्यांत किती तांदूळ येतील, हें आपल्या बापाच्या वेळचे भाव आठवून ज्यानें त्यानें ताडावें.

राहिली श्रावणबाळ व निराधार योजनांची मदत. २०२३ सालीं ती महिना १५०० झाली, पण तेव्हांही कुटुंबाचें वर्षाचें उत्पन्न २१,००० च्या आंत हवें, ही अट राहिलीच. म्हणजे घरांतल्या सर्वांची मिळून रोजची कमाई साठ रुपयांच्याही आंत! लेक-सून भट्टीवर राबत असतील, तर म्हातारीनें खोटें बोलावें नाहीं तर उपाशी राहावें. जन्मभर राबलेल्या बाईस आपण कंगाल असल्याचा दाखला मागत फिरावयास लावणें ही लाजेची गोष्ट आहे.

मग उपाय काय? तो याच महाराष्ट्रांत सांपडतो. हमालाचा मालक एक नसतो. आज हा, उद्यां तो. म्हणून १९६९ च्या माथाडी कायद्यानें मंडळें नेमलीं. मंडळ प्रत्येक मालकाकडून मजुरीबरोबर वरची रक्कम घेतें व त्यांतून हमालाचा भविष्यनिर्वाह निधि चालतो. मालक बदलतो, खातें तुटत नाहीं. बांधकामाच्या खर्चावर कामगारांसाठीं उपकर घेण्याचा कायदा १९९६ सालीं झाला. मग विटांवर तसेंच कां नको? वीट हजारावर मोजली जाते. दर हजारामागें भट्टीमालकानें ठराविक रक्कम भरावी, सरकारनें आपला वांटा घालावा, साठीनंतर प्रत्येक श्रमिकास पेन्शन मिळावी आणि ती महागाईबरोबर वाढावी.

पैसा कोठून आणावा, असें शहाणे विचारतील. साबणाच्या वडीपासून चपलेपर्यंत सर्वांवर आपण कर भरतों; तिजोरींत आमचाही घाम आहे. मुलांनीं आईबापांस पोसावें हें खरें. पण मुलगाच उचलीवर जगत असेल तर तो पोसणार कशानें? उलट म्हातारीच्या गांठीस स्वतःचे पैसे असले, तर घरांत तिच्या शब्दास किंमत राहील.

बंधूंनो, आपलेंही कांहीं कर्तव्य आहे. लग्नासाठीं उचल घेऊन अख्खा हंगाम गहाण टाकणें सोडा. मूल भट्टीवर जन्मलें तरी त्याची नोंद करून घ्या. पुढें साठ वर्षें भरलीं हें सिद्ध करतांना तोच कागद कामास येतो. कारखान्यांत असाल तर भविष्यनिर्वाह निधीचा नंबर मागून घ्या आणि कंत्राटदार बदलला तरी तो एकच चालू ठेवा. आणि येत्या ग्रामसभेंत, शहापुरांतील असो वा मुरबाडांतील, हजार विटांमागें पेन्शनीचा वांटा मागणारा ठराव मांडा. लोखंड्यांच्या अर्जावर साडेपांच हजार सह्या होत्या. आपल्या दोन तालुक्यांतून तितके अंगठेही उठणार नाहींत काय?