अलगीकरणाला शेवटची तारीख हवी
(पांढरकवडा येथील आरोग्य-हक्क मेळाव्यातील भाषण)

 

साथीच्या रुग्णाला वेगळं ठेवण्याला माझा विरोध नाही. जिथे साथ आहे तिथे जाऊ नका, तिथे असाल तर बाहेर पडू नका, ही शिकवण आपल्याला हदीसमधून मिळाली आहे. प्रश्न आहे तो वेगळं कसं ठेवायचं, याचा.

गोव्यातली गोष्ट सांगतो. डॉमनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करायचा. त्या रक्तात एचआयव्ही सापडला. 1989च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला उचललं आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात 64 दिवस कोंडलं. गुन्हा काहीच नव्हता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती. त्याची आई ल्युसी डिसोझा उच्च न्यायालयात गेल्या. डॉमनिक बाहेर आला, पण निकालात न्यायालयाने ती तरतूद वैधच ठरवली.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आम्ही एखादं खातं बंद करतो तेव्हा ते कधी आणि कशाने उघडेल, हे आधीच लिहून ठेवतो. क्षयरोगात औषध लागू पडलं, थुंकीची तपासणी निगेटिव्ह आली, की दार उघडता येतं. कोरोनात दिवस मोजलेले होते. एचआयव्ही मात्र शरीरातून जात नाही, आणि तो शेजारी बसल्याने, हात मिळवल्याने पसरतही नाही. म्हणजे डॉमनिकला कोंडण्याला कारण नव्हतं आणि सुटण्याला अटही नव्हती. कुलूप होतं, किल्ली बनवलीच नव्हती! सुटल्यावर त्याने रुग्णांसाठी संस्था काढली. 1992मध्ये तो वारला.

आता आपल्याकडे येऊ. मार्च 2020मध्ये राज्याने 1897चा साथरोग कायदा लागू केला. प्लेगच्या काळातला, इंग्रजांचा कायदा. अधिकाऱ्यांना अधिकार मिळाले, ते गरजेचेही होते. पण त्याच दिवसांत रोगाला धर्म चिकटवला गेला. तबलीगच्या 29 परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 21 ऑगस्ट 2020ला रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, असं म्हटलं. तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. माझ्या ओळखीच्या घरांत लोक ताप लपवत होते. तपासायला गेलो तर गुन्हा दाखल होईल, ही भीती. अशा भीतीने साथ थांबत नाही, वाढते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. घरातल्या कोणाला वेगळं ठेवायचं म्हटलं तर वाद घालू नका, दवाखान्यातून पळून तर मुळीच येऊ नका. लेखी आदेश मागा. कोणत्या तपासणीवरून ठेवलं, पुढची तपासणी कधी, कोणत्या निकालावर सोडणार, आणि तोवर घरच्यांशी फोनवर बोलता येईल का, हे त्यात लिहून घ्या. पांढरकवड्याहून रुग्ण यवतमाळला हलवला, तर कागदाची एक प्रत घरी राहू द्या.

असा अर्ज मी मराठीत आणि उर्दूत तयार केला आहे. बाहेरच्या टेबलावर प्रती आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आपली मुलं तिथे बसली आहेत. जाताना घेऊन जा.