आठवण कशी येते?



पहिला पाऊस पडतो. मातीचा वास येतो. त्या वासासरशी माहेरचं अंगण आठवतं. अंगणातली तुळस दिसते. आईची हाक कानी येते. धागा एकच हाती आला, पण सारं चित्र उभं राहिलं. हे कसं झालं?

आपल्याला वाटतं, डोक्यात उतरंड आहे. एकेका गाडग्यात एकेक आठवण. पण तसं नाही. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्या एकमेकींशी जोडलेल्या असतात. कॅनडाचे शास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली एक विचार मांडला. ज्या पेशी वारंवार एकत्र जाग्या होतात, त्यांचा जोड पक्का होतो. रोज माणसं गेली की पायवाट पडते, तसंच हे. आठवण राहते ती या जोडांत.

अमेरिकेचे जॉन हॉपफील्ड यांनी १९८२ साली गणितानं असं एक जाळं मांडलं. त्याला अक्षरं शिकवता येतात. मग अर्धं पुसलेलं 'क' दाखवायचं. जाळ्यातली एकेक पेशी इतर पेशींची ओढ पाहते. ओढ असेल तशी ती जागी होते, नाहीतर निजते. असं होता होता पुरा 'क' तयार होतो. पाणी उतारानं खळग्यात येऊन थांबावं, तसा. या कामासाठी २०२४ साली त्यांना जेफ्री हिंटन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालं.

पण यात एक खोट आहे, बरं का. १०० पेशींच्या जाळ्यात चौदा-पंधराच चित्रं नीट राहतात. जास्त कोंबली, की घोटाळा होतो. 'घ' आणि 'ध' सारखे दिसतात. मग 'घ' दाखवावा, तर 'ध' उभा राहतो. "मला ठाऊक नाही" असं जाळं म्हणत नाही. ते काहीतरी चित्र देतंच.

आपलंही असंच होतं. एक भाऊ म्हणतो, "मी हजार दिले." दुसरा म्हणतो, "आठशेच दिलेस." दोघंही खोटं बोलत नसतील. विसरलेली जागा मनानं आपापल्या परीनं भरलेली असते. अशानं घरं फुटतात.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अक्षर लवकर बसलं नाही, तर हिरमुसू नका. एका फेरीत पायवाट पडत नाही. पुन्हा वाचा, पुन्हा गिरवा. आणि देवघेव झाली, की त्याच दिवशी वहीत लिहा. तारीख घाला. दोघांनी सही करा. आता तुम्हाला लिहिता येतं ना?