ग्रस्तास्त सूर्य

२०२२ सालीं लक्ष्मीपूजन व पाडवा यांच्यामध्यें अमावास्येचा एक रिकामा दिवस पडला, २५ ऑक्टोबर. त्या सायंकाळीं मुंबईहून खंडग्रास सूर्यग्रहण दिसलें. ग्रास जास्तींत जास्त २४ टक्के. स्पर्शानंतर १ तास १९ मिनिटांनीं सूर्य ग्रहणासह मावळला, मोक्ष दिसलाच नाहीं. पंचांगांत यास ग्रस्तास्त म्हणतात. दादरच्या चौपाटीवरून असें ग्रहण पाहणारा फसतो तो येथेंच. बिंब तांबूस, सौम्य झालें कीं तो ग्रहणाचा चष्मा काढून ठेवतो. पण दृष्टिपटलास वेदना नसते. तें भाजलें तरी डोळा तक्रार करीत नाहीं. काजळी धरलेली कांच, ही घरोघरची जुनी युक्ति, तीही त्यास राखीत नाहीं. सूर्याकडे पाठ करावी व सुईच्या छिद्रांतून पुठ्ठ्यावर प्रतिबिंब पाडावें. तें उलटें पडतें खरें, पण कडेचा घास स्पष्ट दिसतो.