हॅलोविनच्या ब्राउनीज, घरच्या ओव्हनमधल्या

३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अमेरिकेतली मुलं भुताखेतांचे, चेटकिणींचे, आवडत्या नायकांचे वेष करून गल्लीतल्या दारादारांशी जातात आणि पिशव्या भरभरून खाऊ घेऊन परततात. मी न्यू जर्सीत राहते, तिथे माझ्याही दाराशी ती येतात. मात्र या पिशव्यांमध्ये घरी केलेला पदार्थ जवळजवळ कधीच नसतो. सगळा खाऊ कारखान्यातला, छोट्या छोट्या वेष्टनांत बंद. माझ्या शेजारच्या वृद्ध बाई त्यांच्या लहानपणीच्या आठवणी सांगतात. तेव्हा लोक दारात उभं राहून मुलांच्या हातावर पाकात वळलेले पॉपकॉर्नचे लाडू, कॅरॅमलमध्ये बुडवलेली सफरचंदं, घरी भाजलेली बिस्किटं ठेवत.

ते सगळं का थांबलं? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत साखरेचं रेशनिंग होतं, ते १९४७ साली उठलं. त्यानंतर चॉकलेट-गोळ्यांच्या कंपन्यांनी हा सण मनावर घेतला आणि आयती पाकिटं स्वस्त, सोयीची झाली. पण खरी कारणीभूत झाली ती भीती. १९७४ साली टेक्ससमध्ये एका बापाने विम्याच्या पैशांसाठी स्वतःच्याच आठ वर्षांच्या मुलाला हॅलोविनच्या खाऊतून सायनाइड दिलं. पुढे १९८२ साली, हॅलोविनच्या काही आठवडे आधी, शिकागो भागात दुकानातल्या वेदनाशामक कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड भरलं आणि सात माणसं दगावली. तेव्हापासून अनोळखी हातचा खाऊ मुलांना देऊ नये हे आईबापांच्या मनात पक्कं बसलं. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनच्या बातम्या धुंडाळल्या. अनोळखी माणसाने दारात वाटलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याची एकही खात्रीची घटना त्यांना सापडली नाही. टेक्ससमधला तो गुन्हेगार तर मुलाचा बापच होता. तरी भीती राहिली ती राहिलीच, आणि एका आईच्या नात्याने मला ती समजते.

म्हणून घरचा पदार्थ आता दारात नसतो, घरात असतो. पोरं फिरून दमून आल्यावर, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जेवणात, ऑफिसातल्या छोट्या पार्टीत, म्हणजे जिथे करणारा आणि खाणारा एकमेकांना नावाने ओळखतात तिथे. मला वाटतं, ही जागा लहान असली तरी फार मोलाची आहे, आणि ती भरायला ब्राउनीइतका चांगला पदार्थ दुसरा नाही. केकचे थर लावावे लागतात, बिस्किटं लाटून कापावी लागतात. ब्राउनीचं मिश्रण एका भांड्यात होतं, एका ट्रेमध्ये भाजलं जातं आणि सहा वर्षांच्या मुलालाही त्यात हात घालता येतो.

ब्राउनी अस्सल अमेरिकन आहे. शिकागोचं पामर हाउस हॉटेल सांगतं की १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी, बायकांना डब्यातून नेता येईल असं काहीतरी गोड करा, असं बर्था पामर यांनी तिथल्या आचाऱ्यांना सुचवलं, आणि त्यातून ती जन्मली. फॅनी फार्मर यांच्या पाकपुस्तकाच्या १९०६ च्या आवृत्तीत चॉकलेटची ब्राउनी छापली गेली आणि मग ती घराघरांत पोचली.

आता कृतीकडे वळते. आठ इंची चौकोनी ट्रेसाठी ११५ ग्रॅम बिनमिठाचं बटर, २०० ग्रॅम साखर, दोन अंडी, ४० ग्रॅम बिनसाखरेची कोको पावडर, ६५ ग्रॅम मैदा, पाव चमचा मीठ, थोडा व्हॅनिला आणि शंभरेक ग्रॅम डार्क चॉकलेटचे बारीक तुकडे. मैदा किती कमी आहे ते पाहा. बटर आणि साखर जास्त, मैदा बेताचा, बेकिंग पावडर मुळीच नाही, म्हणून ब्राउनी आतून ओलसर आणि घट्ट राहते. मैदा वाढवला की तिचा केक होतो.

बटर वितळवून गरम असतानाच त्यात साखर घालायची. जरा निवलं की अंडी घालून दोन-तीन मिनिटं मन लावून फेटायचं. इथे घाई करू नका. फेटल्याने साखर अंड्याच्या ओलाव्यात विरघळते, आणि भाजताना वरच्या बाजूला तो कागदासारखा पातळ, चकचकीत, तडकलेला पापुद्रा येतो. मग कोको, मीठ आणि मैदा चाळून घालायचा आणि पांढरं पीठ दिसेनासं होईपर्यंतच मिसळायचं. मैदा पडल्यावर फेटत बसलात तर ब्राउनी चिवट होते. शेवटी चॉकलेटचे तुकडे. ट्रेला बटर पेपर लावताना तो दोन बाजूंनी चांगला बाहेर येऊ द्या, म्हणजे त्याला धरून अख्खी ब्राउनी उचलता येईल. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७५ अंश सेल्सिअसला, म्हणजे अमेरिकन ओव्हनच्या ३५० फॅरेनहाइटला, साधारण पंचवीस मिनिटं. टूथपिक टोचून पाहायची, पण तिला दोन-चार ओलसर कण चिकटलेले हवेत. स्वच्छ निघाली तर ब्राउनी जास्त भाजली गेली असं समजा.

आणि मग थांबायचं. ब्राउनी पूर्ण निवली पाहिजे, शक्य असेल तर तासभर फ्रिजमध्येही जाऊ द्या. गरम ब्राउनीवर केलेली सजावट ओघळून जाते, आणि सुरीखाली तिचा भुगा होतो. मुलांना हा वेळ सर्वांत अवघड जातो. तेवढ्यात त्यांना भोपळे कोरायला बसवावं. आत दिवा ठेवण्यासाठीचं हे कोरीवकाम पूर्वी आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये सलगमावर करत. तिकडचे लोक अमेरिकेत आले आणि त्यांना इथला भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला सोपा. मात्र कोरायचे हे भोपळे पाणचट आणि बेचव असतात. खायचा भोपळा वेगळा, लहान आणि गोड. त्याचा शिजवून घोटलेला गर क्रीम चीज आणि साखरेत कालवून, भाजण्याआधी ब्राउनीच्या मिश्रणावर चमच्याने घाला आणि सुरीच्या टोकाने दोन-तीनदा फिरवा. काळ्यात केशरी लाटा उमटतात. हॅलोविनचे दोन्ही रंग आले, आणि रंगाची बाटली उघडावीही लागली नाही. ज्यांनी लाल भोपळ्याचे घारगे खाल्लेत त्यांना ही चव परकी वाटणार नाही.

सजावटीत मला सर्वांत आवडतं ते कोळ्याचं जाळं. शंभर ग्रॅम डार्क चॉकलेट आणि शंभर मिलिलिटर गरम क्रीम एकत्र ढवळून गनाश करायचं आणि निवलेल्या अख्ख्या ब्राउनीवर ओतून सारखं पसरायचं. पांढरं चॉकलेट आधीच वितळवून कोनात भरून ठेवा, मेंदीचा कोन असतो तसाच, टोकाला अगदी बारीक भोक. गनाश ओलं आहे तोवरच मध्यापासून एकाबाहेर एक वर्तुळं काढायची. लगेच टूथपिक मध्यावर टेकवून कडेपर्यंत ओढायची. प्रत्येक ओढीबरोबर वर्तुळाची रेघ टोकदार होऊन बाहेर खेचली जाते, आणि आठ-दहा ओढींत जाळं तयार होतं. दर वेळी टूथपिक पुसा, नाहीतर पांढऱ्या रेघा मळतात. काही जण प्रत्येक तुकड्यावर वेगळं जाळं काढतात. मी पूर्ण ट्रेवर एकच मोठं जाळं काढते आणि मग त्याचे सोळा तुकडे करते. सगळ्यांच्या वाट्याला त्याच जाळ्याचा एकेक भाग येतो, आणि खाण्याआधी मुलं ते तुकडे जुळवत बसतात.

लहान मुलांसाठी ममी सोपी. लांबट तुकडे कापून बटर पेपरवर मांडायचे आणि वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटच्या आडव्या-तिरक्या रेघा मारायच्या, पट्ट्या गुंडाळल्यासारख्या. रेघ तुकड्याच्या बाहेर कागदावर सुरू करून पलीकडे कागदावरच संपवावी, म्हणजे कडेला गोळे जमत नाहीत. वरच्या बाजूला थोडी फट ठेवून तिथे चॉकलेट ओलं असतानाच दोन डोळे बसवायचे. साखरेचे आयते डोळे दुकानात मिळतात, पण पांढऱ्या ठिपक्यात डार्क चॉकलेटचा कण टेकवला की झाला डोळा. मुलांच्या हातून डोळे वाकडेतिकडे बसतात. बसू द्या, कृपा करून सरळ करायला जाऊ नका. वाकड्या डोळ्यांची ममीच खरी मजेदार दिसते.

पांढरं चॉकलेट मात्र नाजूक असतं. मायक्रोवेव्हमध्ये पंधरा-वीस सेकंदच ठेवायचं, ढवळायचं, पुन्हा ठेवायचं. पाण्याचा एक थेंब पडला तरी ते आळून गोळा होतं. म्हणूनच खाण्याचे नेहमीचे पातळ रंग त्यात चालत नाहीत, तेलातले लागतात. बटर आयसिंगमध्ये जेलचे रंग चांगले. काळं आयसिंग हवं असेल तर आधी कोको घालून तपकिरी करून घ्या, मग काळा रंग थोडकाच लागतो आणि कडवटपणा येत नाही. तरीही माझं मत सांगते, ब्राउनी मुळातच गोड असते, तिच्यावर आयसिंगचा डोंगर रचू नये. गनाशला डार्क चॉकलेट घ्यायचं ते त्यासाठीच.

इथल्या मराठी घरांसाठी काही गोष्टी. हॅलोविन आणि दिवाळी मागेपुढेच येतात. २०२४ साली तर आपल्या पंचांगात नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती, त्यामुळे अनेक घरांत चकलीच्या डब्याशेजारी ब्राउनीचा ट्रे होता. घरी शाकाहारी पाहुणे असतील तर लक्षात ठेवा, सजावटीच्या मार्शमेलोमध्ये आणि केशरी-पिवळ्या कँडी कॉर्नमध्ये बहुधा जिलेटिन असतं, आणि ते प्राण्यांपासून करतात. वेष्टन वाचूनच घ्या. अंडं नको असेल तर एका अंड्याऐवजी पाव कप घट्ट दही आणि चिमूटभर सोडा घालता येतो. ब्राउनी थोडी केकसारखी होते आणि पापुद्रा येत नाही, पण वर गनाश घालायचं असेल तर तो झाकलाच जाणार असतो.

अक्रोड घालायचे की नाही, हे खाणाऱ्यांना विचारून ठरवा. सुक्या मेव्याची, दुधाची, अंड्याची ॲलर्जी असलेली मुलं अमेरिकेत बरीच आहेत. २०१४ पासून देशभर एक प्रथा रुजते आहे: अशा मुलांसाठी खाऊऐवजी छोटी खेळणी, स्टिकर ठेवलेल्या घरापुढे मोरपिशी रंगाचा भोपळा ठेवतात. मला ही प्रथा फार आवडते. पण ब्राउनीच्या ताटालाही तेवढीच काळजी हवी. शेजाऱ्यांकडे डबा पाठवताना त्यावर एक चिठ्ठी चिकटवा: अंडं आहे, दूध आहे, गहू आहे, अक्रोड नाही. चिठ्ठी मुलांकडूनच लिहून घ्या, खाली त्यांचं नावही येऊ द्या. गनाश लावलेल्या ब्राउनीज फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा, आणि खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. थंडगार ब्राउनीत चॉकलेटची चव जिभेला नीट लागत नाही.