शेकरूची वाट

भीमाशंकराला आपल्यापैकी बहुतेकजण जाऊन आले असतील. ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेतले, भीमेच्या उगमाचे कुंड पाहिले, की यात्रा पुरी झाली असे समजून आपण गाडीकडे वळतो. देवळाभोवती जे रान आहे, तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. आणि फिरकले, तरी ‘काही दिसले नाही बुवा!’ असे म्हणत परततात. आम्हीही पहिल्या खेपेला असेच परतलो. आज बोलायचे आहे ते या ‘काही दिसले नाही’विषयी.

त्या खेपेला आम्ही सातजण होतो. बरोबर दशम्यांचे डबे होते, आणि त्याहून मोठा साठा गप्पांचा. वाट दाखवायला तिथल्याच महादेव कोळ्यांपैकी एक वयस्क बाबा आले होते. तासभर चालून कंटाळल्यावर आमच्यातल्या एकाने विचारले, “काय बाबा, तुमच्या रानात जनावरं आहेत ना?” बाबा म्हणाले, “हायेत की! पर साहेब, तुमी चालताय कुटं? तुमी तर बोलताय!”

हे वाक्य आम्हांला लागले. पुढल्या वर्षी वैशाखाच्या अखेरीस आम्ही दोघेच गेलो, आणि चालणेही निम्म्यावर आणले. दहा मिनिटे चालायचे, वीस मिनिटे झाडाच्या बुंध्याशी बसायचे. पहिली पाच मिनिटे फार अवघड जातात. घड्याळ पाहावेसे वाटते, खिशातले शेंगदाणे आठवतात. मग हळूहळू रान आपल्याला विसरते. दूर ओढ्यात कोणी पोर उगाच शीळ घालीत असावे असे वाटले. तो शीळकरी कस्तुर पक्षी होता. दरीतून कुत्रे भुंकल्यासारखा आवाज आला, ते भेकर. आणि मग आमच्या डोक्यावर जांभळाच्या चघळलेल्या बिया टपटप पडू लागल्या.

वर पाहिले, तो शेकरू! मागच्या पायांनी फांदीला उलटे लोंबकळून पुढच्या दोन हातांत फळ धरून ते खात होते. अंगावर तांबूस-तपकिरी मखमल, पोट मलईच्या रंगाचे, आणि अंगाहूनही लांब अशी झुबकेदार शेपूट, टोकाला फिकट. हा आपल्या राज्याचा प्राणी. चित्रात आपण तो पुष्कळदा पाहिलेला असतो. पण चित्रात एक गोष्ट कळत नाही, ती आम्हांला त्या दोन तासांत कळली.

शेकरू जमिनीवर सहसा उतरतच नाही. त्याचे खाणे, निजणे, पिले वाढवणे, सारे शेंड्यांवर. काटक्या आणि पाने गुंफून ते गोल घरटे बांधते, तेही एक नव्हे, अनेक. आणि बांधते अशा बारीक फांद्यांवर, की जड शत्रूला तिथवर पोचता येऊ नये. झाडावरून झाडावर जाताना ते वीस फुटांची झेप सहज घेते. म्हणजे आपण ज्याला जंगलाचे छत म्हणतो, तो त्याचा रस्ता आहे. अंजन, जांभूळ, हिरडा, आंबा यांच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या असतील, तोवरच तो रस्ता चालू.

इ. स. १९८५ साली हे रान अभयारण्य झाले, हे चांगलेच झाले. पण श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला इथे लोटणारी गर्दी पाहा. तिला रुंद रस्ता हवा, गाड्यांना जागा हवी, चहाला टपरी हवी. मागण्या काही खोट्या नाहीत. आम्हीही त्याच रस्त्याने गेलो आणि तोच चहा प्यालो. मात्र आपली वाट दोन हात रुंदावताना कडेचे एक झाड गेले, की वरची कोणाची तरी वाट तुटते. झाड एकच, म्हणून ते कोणाच्या हिशेबात येत नाही.

परतताना हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. एक शेकरू शेंड्याशेंड्यांनी मोटाररस्त्याच्या कडेपर्यंत आले. पलीकडचे झाड चाळीस फुटांवर असेल. ते फांदीच्या टोकापर्यंत गेले, अंग आखडून घेतले, पुन्हा मागे सरले. तीनदा असे केले. चौथ्यांदा मात्र ते खडखडाट केल्यासारखे ओरडले आणि आल्या वाटेने परत गेले.

तेवढ्यात एक मोटार आमच्याजवळ थांबली. आतल्या गृहस्थांनी काच खाली करून विचारले, “इथे काही दिसतं का हो?” आम्ही बोट वर केले, पण तोवर तिथे नुसती फांदी हलत होती.