आम्हांस काय कळते?

(कनेरगाव नाका येथे शाळेच्या पटांगणात पालकमंडळींपुढे एका शिक्षकाने केलेले भाषण)



पेरणी तोंडावर आली असता, बी-खताची धावपळ सोडून तुम्ही येथे येऊन बसलात, ह्याबद्दल तुमचे आभार मानून मी लागलीच मुद्द्यावर येतो. तुमच्यापैकी बहुतेकांच्या तोंडून मी एक वाक्य नेहमी ऐकत आलो आहे. पोराचे प्रगतिपत्रक हाती दिले की बाप ते उलटसुलट पाहतो आणि म्हणतो, "गुरुजी, आम्हांला काय कळतंय? तुम्हीच बघा." दुसरा एक याच्याही पुढे जातो. पोरगा शेजारी उभा असता तो सांगतो, "आमच्या खानदानात कोणी शिकलं नाही, ह्याला तरी काय येणार?" ह्या बोलण्यात शिक्षकाविषयी आदर आहे हे मी जाणतो. पण पोरगे ते कान देऊन ऐकत असते, आणि दुसऱ्या दिवशी पाटीवरचे गणित अडले की तेच वाक्य ते स्वतःला म्हणते. आज मला एवढ्या एकाच वाक्याचा समाचार घ्यावयाचा आहे.

हे वाक्य आपल्या घरांत शिरले कोठून? आपल्या गावाच्या नावात 'नाका' आहे, तो उगाच नाही. इकडे निजामाचे राज्य, तिकडे वऱ्हाडात इंग्रजांचा कारभार, आणि त्यांच्या शिवेवर आपले गाव. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली. तोवर इकडच्या माध्यमिक शाळांत उर्दूतून शिकवीत. हैदराबादेस १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूचेच. उर्दू ही मोठी गोड भाषा आहे, तिच्याशी माझे भांडण नाही. परंतु घरात मराठी बोलणाऱ्या कुणब्याच्या, माळ्याच्या, सुताराच्या पोराला भूगोल शिकण्याआधी एक परकी भाषा शिकावी लागे. ज्याला ते झेपले नाही तो घरी बसला, आणि घरी बसला म्हणून त्याला लोक ढ म्हणू लागले. पुढे राज्य गेले, शाळा मराठी झाल्या, गावोगाव झाल्या. पण आजोबावर बसलेला शिक्का नातवापर्यंत तसाच आला. 'आमच्या खानदानात कोणी शिकले नाही' हे खरे आहे. का शिकले नाही, हे मात्र घरात कोणी सांगत नाही.

मुंबई इलाख्यात तरी काय निराळे होते? १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. प्राथमिक शाळांचे शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातून घ्यावे, गरज पडली तर नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरावयास त्यांना लाज वाटू नये, अशी त्यांची मागणी होती. मी अध्यापक विद्यालयात होतो तेव्हा हे वाचले आणि थांबून पुन्हा वाचले. कारण रुमणे धरणाऱ्याला अक्कल असते असे जो मानतो, तोच अशी मागणी करील.

आता तुम्हांला काय कळते ते मी सांगतो.

गाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. काहींनी ती स्वतः चढविली आहे. तुंबा, आरे, पुठ्ठे जुळवून सुतार चाक उभे करी. मग लोहार धाव करी, ती चाकापेक्षा किंचित लहान. मुद्दाम लहान! गोवऱ्यांच्या जाळात ती लाल झाली की फुगे, चौघे जण सांडशीने उचलून ती चाकावर बसवीत, ठोकीत, आणि वरून पाणी ओतीत. धाव आकसे आणि सारे पुठ्ठे एकमेकांत आवळून धरी. किंचित म्हणजे किती, ह्याचे माप कोणत्या पुस्तकात नव्हते. ते लोहाराच्या नजरेत होते. कमी पडली तर धाव बसणार नाही, जास्त झाली तर चार दिवसांत निसटेल. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हा धडा मी वर्गात फळ्यावर लिहितो आणि त्याच लोहाराचा नातू तो पाठ करतो. नातवाला गुण मिळतात. आजोबा म्हणतो, मला काय कळते!

कोणी म्हणेल, गुरुजी, हे जुने झाले; आता गाड्यांना टायर आले. ठीक. तर मग परवापरवाची गोष्ट ऐका. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. आपल्या शेजारचे गुरुद्वाराचे नांदेड नव्हे, हे निराळे. तेथे दादाजी खोब्रागडे नावाचे गृहस्थ राहत. शिक्षण तिसरीपर्यंत. जमीन दीड एकर. दलित समाजातले, कष्टकरी. १९८३ साली त्यांच्या बांधीत 'पटेल ३' ह्या वाणाचे धान उभे होते. त्या धानात त्यांना तीन लोंब्या पिवळसर, इतरांहून वेगळ्या दिसल्या.

येथे क्षणभर थांबा. शेतात वेगळी लोंबी तुमच्या-आमच्या सर्वांना दिसते. आपण काय करतो? भेसळ म्हणून उपटतो, नाहीतर विळ्याखाली जाऊ देतो. ह्या माणसाने त्या तीन लोंब्या बाजूला काढल्या, बी जपून ठेवले आणि पुढल्या वर्षी वेगळे पेरले. जे उगवले त्यातले चांगले निवडले, तिसऱ्या वर्षी पुन्हा पेरले. असे पाच-सहा वर्षे चालले. ह्या काळात त्यांना कोणी पगार दिला नाही, प्रयोगशाळा दिली नाही. दाणा पूर्वीपेक्षा बारीक निघाला, भात चवीला उतरला, उताराही चांगला आला. १९९०च्या सुमारास ते धान बाजारात गेले. त्या काळी मनगटावर एचएमटीचे घड्याळ असणे ही मोठी प्रतिष्ठा. त्यावरून ह्या तांदळाचे नाव पडले एचएमटी. विदर्भ ओलांडून दुसऱ्या राज्यांतही तो पसरला. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात तो शिजला असेल आणि तो तिसरी शिकलेल्या एका माणसाने निवडून काढला हे ठाऊकही नसेल.

पुढे त्यांनी विजय नांदेड, नांदेड हिरा, दीपक रत्न, डीआरके अशी आणखीही वाणे काढली. एकदा जमले तर त्याला योगायोग म्हणता आले असते. पुन्हापुन्हा जमते तेव्हा त्याला विद्या म्हणतात.

आता कडू भाग. १९९४ साली सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्राने त्यांच्याकडून बी नेले. १९९८ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' ह्या नावाने वाण प्रसृत केले. विद्यापीठाचे म्हणणे, आम्ही ते शुद्ध केले. शुद्ध केले असेल. बी शुद्ध करणे हेही काम आहे, ते मी हलके लेखीत नाही. पण मूळ लोंबी कोणी ओळखली, हा प्रश्न शुद्धीने मिटत नाही. दादाजींना मान पुष्कळ मिळाले. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम ह्यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. २०१० साली फोर्ब्ज ह्या अमेरिकन नियतकालिकाने त्यांची दखल घेतली. तथापि घरातली ओढाताण सरली नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले तेव्हा औषधपाण्याच्या खर्चाचीही विवंचना होती. व्यापारी मात्र त्या तांदळावर गबर झाले.

ही गोष्ट मी एवढ्या विस्ताराने सांगितली ती तुम्हांला फुगविण्यासाठी नव्हे. हल्ली शहरात सभागृहे भाड्याने घेऊन, तिकीट लावून सांगणारे लोक निघाले आहेत की, 'तुम्ही मनात आणाल ते काहीही करू शकता.' हे धादांत खोटे आहे. मनात आणून पाऊस पडत नाही. दादाजींचा विश्वास असल्या हवेतल्या गोष्टीवर नव्हता. धान मी लहानपणापासून पाहत आलो आहे, तेव्हा ह्या तीन लोंब्या वेगळ्या आहेत हे माझ्या डोळ्याला कळते, एवढाच त्यांचा विश्वास होता. आणि तो खरा की खोटा हे त्यांनी पेरून पाहिले. खोटा ठरता तर मूठभर बियाणे गेले असते, दुसरे काही नाही.

तुम्हीही पाहू शकता, पण थोडी समजूत ठेवून. धानाचे फूल बहुधा आपल्याच परागाने फळते, म्हणून वेगळे निघालेले बी निवडत गेले की पुढे स्थिर होते. आपल्याकडचे सोयाबीन, हरभरा, गहू हे त्याच जातीचे; ह्यांत निवड साधते. तूर आणि कपाशीच्या फुलांवर मधमाशा ये-जा करतात, तेथे मिसळ होते. आणि संकरित कपाशीचे बी राखून पुन्हा पेराल तर पीक एकसारखे येणार नाही, त्या नादी लागू नका. हळद सर्वांत सोपी. तिचे बी नसते, कंदच लावतात, म्हणून चांगल्या गड्ड्याची लेक आईसारखीच निघते. सबंध वावर प्रयोगाला देऊ नका. खाटेएवढी जागा पुरे.

आयाबहिणींनो, ह्या कामी तुमचे डोळे पुरुषांहून तयार आहेत. घरात बियाणे कोण राखीत असे? कणगीत राख आणि लिंबाचा पाला कोण घालीत असे? अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावठी भाज्यांचे, कडधान्यांचे, भाताचे वाण घरात जपले, त्याची बीजबँक उभी केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी जे केले ते तुमच्या आजीही करीत होत्या. राहीबाईंनी ते सोडले नाही, एवढेच.

परंतु दादाजींच्या बाबतीत जे झाले ते तुमचे होऊ नये म्हणून कागदाचीही ओळख ठेवा. २००१ साली एक कायदा झाला. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा असे त्यास म्हणतात. शेतकऱ्याने काढलेले किंवा जपलेले वाण त्याच्या नावावर नोंदविता येते. त्यासाठी शेतकऱ्याकडून फी घेत नाहीत. आपल्या घरचे बी ठेवण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा, विकण्याचाही हक्क त्यात दिला आहे. फक्त शिक्का-नाव लावून पाकिटबंद विकता येत नाही. हे वाण नोंदविण्याचे काम कसे करावे हे आपल्या जिल्ह्यात तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारावे. विचारताना 'आम्हांला काय कळतंय' ह्या शब्दांनी सुरुवात करू नये. 'माझ्या वावरात हे असे दिसले, मी इतक्या वर्षे पेरून पाहिले' असे सांगावे, आणि तारखा लिहिलेली वही पुढे ठेवावी. वही नसेल तर तुमचे सांगणे वाऱ्यावर जाईल.

लिहिता येत नाही, ही अडचण कोणी सांगू नये. तुमची पोरे सातवी-आठवीत आहेत. बापाने सांगावे, पोराने लिहावे: कोणत्या दिवशी पेरले, किती उगवले, फुले केव्हा आली, शेंगा किती. पोराला तेव्हा कळेल की आपल्या बापाला सांगण्यासारखे पुष्कळ येते. आणि त्या पोरासमोर त्याला मठ्ठ म्हणणे आजपासून बंद करा. गणित अडले असेल तर मला येऊन सांगा. कोणते अडले ते मी पाहीन, अडलेले गणित सुटते.

शाळेत एक कपाट मी मोकळे केले आहे. सुगीत ज्याला शेतात वेगळे कणीस, वेगळी शेंग, वेगळा कंद दिसेल, त्याने तो उपटून न टाकता खुणेची चिंधी बांधावी, पिकू द्यावा आणि मग शाळेत आणावा. पाकिटावर शेतकऱ्याचे नाव, बाईने आणला तर बाईचे नाव, शेताचे नाव आणि तारीख घालून तो तेथे ठेवू. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तास-दीड तास बसतो. कोऱ्या वह्या माझ्याकडे आहेत, घेऊन जा.