स्वागताध्यक्षांचे भाषण

माननीय अध्यक्षमहाराज, तान्हेपणी परदेशी दत्तक गेलेले व आज या किनाऱ्यावर आलेले आप्तजन, आणि ग्रामस्थहो,

सफाळ्यापासून एडवणपर्यंतच्या प्रवासात आपणांस जे कष्ट पडले, त्यांची प्रथम क्षमा मागतो. निजण्याची व्यवस्था शाळेच्या वर्गांतूनच करावी लागली, आणि पाणी या खारट मुलखात आम्हांस जपूनच वाढावे लागते.

आशापुरी मातेच्या आश्रयाने वसलेला हा परिसर सुमारे दोनशे वर्षे फिरंग्यांच्या अमलाखाली राहून 1739 साली चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मुक्त झाला, हे शाळकरी मुलेही जाणतात. परंतु त्याच मोहिमेत, आमच्या उत्तरेस तारापूरच्या कोटाखाली, तोंडात गोळी लागून पडलेल्या बाजी भिवराव रेटरेकरांचे नाव आज किती जणांच्या स्मरणात आहे? त्यांच्या मातोश्री वेणूबाईंस थोरल्या बाजीराव पेशव्यांनी सांत्वनपत्र धाडून, आता आपणांसच पुत्र मानावे अशी विनवणी केली. दौलतीचा मुख्य प्रधान एका शोकाकुल मातेचा पुत्र व्हावयास स्वतः होऊन पुढे येतो, याहून उदात्त दत्तविधान मला ठाऊक नाही. त्या पत्राची शिला तारापूरच्या दरवाजात कधीच बसावयास हवी होती. आणि नवे नाते जोडताना त्या पत्राने गेलेल्या पुत्राचे नाव पुसले नाही, हे मला विशेष वाटते.

पुण्याच्या श्रीवत्स संस्थेतून दत्तक गेलेल्या लिसा स्थळेकर ऑस्ट्रेलियाच्या संघातून खेळल्या, आणि 2013 च्या महिला क्रिकेट विश्वचषकातील अखेरचा झेल त्यांनी मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर टिपला. त्या सामन्यात आपला कोण आणि परका कोण, हे ठरविण्याचा अधिकार मी तरी कोणास देणार नाही. परंतु लक्ष्मीकांत पांडे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली परदेशी दत्तकाचे दंडक घालून देण्यापूर्वी, 1890 च्या कायद्याखाली केवळ पालकत्वाचा हुकूम घेऊन मुले परदेशी नेली जात. त्यांतील कित्येकांस आज जन्मदात्रीचा मागमूसही लागत नाही. दत्तक आईबापांवरील माया आणि जन्मगावाची ओढ एकाच हृदयात सुखाने नांदतात, तेव्हा हा शोध घेणाऱ्यास कोणी कृतघ्न म्हणू नये.

मासळी देणारे मांगेला व वैती बंधू, केळी-नारळ व विड्याची पाने पाठविणारे वाडवळ बागायतदार, मंडपाचा सारा खर्च उचलून नाव न सांगणारे दाते, पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या भगिनी, शाळा मोकळी करून देणारे गुरुजन, या सर्वांचा मी ऋणी आहे. उणिवा राहिल्या त्या सर्वस्वी माझ्या पदरी घालाव्यात.

एवढीच विनंती की, ज्या अनाथाश्रमांच्या व रुग्णालयांच्या कपाटांत जुनी दप्तरे आहेत, त्यांच्या चालकांनी ती वाळवीपासून राखावीत, आणि स्वतःच्या जन्माची नोंद पाहावयास आलेल्या माणसास दारातून परत पाठवू नये.